गणपतीच्या डोळ्यातला कचरा

ह्या अंकाच्या संपादकांनी खरं तर चित्र मागितलं होतं. "तुम्ही हद्दपार झालेले व्यंगचित्रकार, पानभर काहीतरी झणझणीत द्या," म्हणाले. मी म्हटलं, चित्र मिळणार नाही, चालत असेल तर लिहून देतो. ते जरा हिरमुसले, पण हो म्हणाले. आता हद्दपार म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे विमानतळ, परका देश, बर्फ वगैरे आलं असेल तर आधीच माफी मागतो. माझी हद्दपारी रोह्यापासून पेणपर्यंत आहे. मधे नागोठणं लागतं. गाडीनं तासाभरात संपते.

पेणला रामवाडीत एका खोलीत मी राहतो आणि काशिनाथशेठच्या कारखान्यात गणपतीचे डोळे काढतो. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. मूर्तीचं बाकी सगळं रंगवून होतं, सोवळं, दागिने, सोंड, आणि मग ती आमच्यापुढे येते. तोवर तिला कुणी नमस्कार करत नाही. पाट मांडून, श्वास धरून पापणीची रेघ ओढायची, बुबुळ भरायचं, बुबुळात पांढरा ठिपका ठेवायचा. तो ठिपका केसभर इकडे झाला की देव दाराकडे बघतो, केसभर तिकडे झाला की भिंतीकडे. बरोबर बसला तर घरातल्या प्रत्येकाला वाटतं, हा माझ्याकडेच बघतोय. मला हे चांगलं जमतं, हे मी सांगतो. नम्रपणा करायचं वय गेलं माझं.

पण माझा मूळ धंदा याच्या उलटा. मी लोकांना चिडवायचो.

मी खाडीकाठच्या एका गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझा थोरला भाऊ अजून तिथे राहतो. पोटासाठी मी रोह्यात पाट्या रंगवायचो. दुकानांचे बोर्ड, टेम्पोच्या मागची फळी, शाळेच्या भिंतीवरचा हात धुण्याचा संदेश, सगळं केलं. आणि दर आठवड्याला रोह्याच्या एका चार पानी साप्ताहिकात व्यंगचित्र द्यायचो. लोकांना वाटतं व्यंगचित्र म्हणजे नाक मोठं काढणं. डोंबल! नाक कुणीही मोठं काढेल. माणूस काय झाकायला बघतो ते शोधायचं, आणि तेवढंच उघडं ठेवायचं. आमच्या भागातले एक पुढारी, सगळ्यांचे साहेब, त्यांचं नावही नको, ते फोटोत नेहमी डावा हात मागे ठेवत. मी वर्षभर त्यांचा फक्त मागे ठेवलेला हात काढला. लोक एसटी स्टँडवर चहा पिताना चित्र बघून हसायचे आणि म्हणायचे, "ह्यो तर साहेबच हाय!" त्या हसण्यावर मी जगत होतो. त्याचा मला माज होता, हेही कबूल करतो.

आमची शेती खारेपाटातली. खाडीचं पाणी अडवायला मातीचा लांबच लांब बांध असतो. तो फुटला, म्हणजे आमच्या भाषेत खांड पडली, की खारं पाणी भातात शिरतं आणि जमीन पुढची तीन वर्षं कामातून जाते. त्या साली बांधाची दुरुस्ती कागदावर झाली होती. प्रत्यक्षात एक पाटी माती पडली नव्हती. गावकीचे पाच पंच गप्प होते, कारण साहेबांनी देवळाला नवा सभामंडप आणि कळस दिला होता.

मी चित्र काढलं. साहेब खांडीत पाय फाकवून उभे, गळ्यात हार. त्यांच्या पायांमधून खारं पाणी शेतात चाललंय. बांधावर पाच पंच, शेताकडे पाठ करून देवळाच्या कळसाला हात जोडून उभे. चार पंच मी ओळखू येतील असे काढले. पाचवा होता माझा दादा. तो पंच होता खरा, पण भावाला कसा काढायचा, म्हणून मी ठरवलं की पाचवा कुणीतरी साधा, बिनचेहऱ्याचा माणूस ठेवू. फक्त पाठ आणि थोडासा कान.

हात फार हरामखोर असतो. डोकं म्हणालं कुणीतरी काढ, आणि हातानं जी पाठ त्याला सगळ्यात जास्त माहीत होती ती काढली. लहानपणापासून चिखलातून मी दादाच्या मागे चालत शाळेत गेलो. उजवा खांदा खाली, कानाची पाळी दुमडलेली. चित्र छापून आलं आणि सगळ्या गावानं पाचही पंच ओळखले. मी स्वतः ओळखला तो छापल्यावर.

आणि ऐका पुढचं. गावकीत जे बोललं जातं ते घरी सांगायची पद्धत नाही. त्यामुळे मला महिन्यानं, बाहेरच्या माणसाकडून कळलं की बांधाचा विषय निघाला तेव्हा पाच पंचांत एकटा दादा उठून म्हणाला होता, "कळस ऱ्हाऊ द्या, आधी बांध बघा." पाचातला एकच माणूस बोलला होता, आणि मी त्यालाच शेताकडे पाठ करून उभा केला. माझ्या सगळ्या धंद्यात एवढं खोटं चित्र मी दुसरं काढलं नाही.

गावकी बसली. मला वाळीत टाकायचं ठरलं. बाहेरच्यांना सांगतो, वाळीत म्हणजे मारहाण नाही की काही नाही. फक्त गावातलं कुणी तुमच्याशी बोलत नाही. दुकानदार मीठ देत नाही, चक्कीवाला दळण घेत नाही, लग्नाचं बोलावणं नाही, आणि घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला माणूस येत नाही. जो बोलेल तोही वाळीत. याच्या विरुद्ध कायदा आहे, मला माहीत आहे. कायदा तालुक्याला असतो. तिरडी बांधायला कायदा येत नाही.

मी देवळाबाहेर उभा होतो. आतून विचारलं, कोणाकोणाची हरकत नाही? पहिला हात दादाचा वर गेला. मी खिडकीतून बघितला.

घरी आल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू गाव सोडलास तर घर गावकीत ऱ्हाईल. नायतर सगळेच बाहेर." मी भडकलो. नको नको ते बोललो. घाबरट म्हणालो, साहेबांचा कुत्रा म्हणालो. गावकीतलं त्याचं बांधाबद्दलचं बोलणं तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तोही ते सांगून सुटला नाही. मग आई चुलीपासून उठून आली. माझी आई ठेंगणी, काटक, आणि तिच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाच्या बाजूला, तांबूस तीळ. ती म्हणाली, "वसंता, मी आता किती दिस? मला मेल्यावर चार खांदे पायजेत रे. तुझ्या बापाला सगळा गाव व्हता. मला टेम्पोतून नको नेऊस."

चित्रकार असलो तरी तिच्या पोटचा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पेणला आलो. तिला चार खांदे मिळावेत म्हणून मी गेलो, एवढाच तो व्यवहार होता. त्यानंतर तिला पाहिलं नाही.

साप्ताहिकाच्या संपादकांनी दोन महिने कळ काढली, मग म्हणाले, "वसंतराव, जरा निसर्ग वगैरे काढा ना." मी काढून बघितलं. झाडाला पाठ यायला लागली. खरंच सांगतो, कुठलाही माणूस काढायला घेतला की तो पाठ करून उभा राहायचा, आणि चेहरा काढावा तर भीती वाटायची की हा निघेल कोण. पेन ठेवून दिलं.

काशिनाथशेठ पेणचे जुने कारखानदार. तोंडाचे फटकळ, पण त्यांनी माझी रेघ बघून एका शब्दानं काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी काढलेला डोळा बघून ओरडले, "अहो, हा देव आहे! डोळा मारतोय तो!" चिडवायची रेघ भजायला लावायला मला एक वर्ष लागलं.

एक गिऱ्हाईक सांगायलाच हवं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी चारपाच जण मोठ्या गाडीतून आले, गळ्यात साखळ्या. मंडळाचा मोठा गणपती हवा होता. त्यांतला एक माझ्या पाटाशी वाकून हळूच म्हणाला, "पेंटर, डोळ्यात जरा आमच्या साहेबांची झाक आणता येईल काय? पोरांची श्रद्धा हाय." मोबाईलवर फोटो दाखवला. तेच साहेब! डावा हात मागेच. पक्ष बदलला होता, हात तिथेच होता.

मी म्हटलं, "झाक आणायला हरकत नाही. पण साहेबांचे डोळे कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत. देव भिंतीकडे बघेल, चालेल?"

त्याला काही कळलं नाही. शेठनी मात्र माझ्या पायावर पाय दिला आणि पार्टीला चहा सांगितला. ज्या माणसासारखा माणूस काढला म्हणून गाव सुटलं, त्याच्यासारखा देव काढून द्या म्हणून लोक हात जोडत होते. त्या दिवशी मी जेवलो नाही. हसू मात्र येत होतं.

आता मुद्द्याचं. आमच्या घरी मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठेवणीची: चौरंगावर बसलेली, केशरी सोवळं, एक पाय खाली सोडलेला. गावात असताना ती बिनडोळ्यांची आणायची आणि डोळे मी घरी काढायचे, आई समई धरून शेजारी. मी गेल्यावर दादानं रोह्याच्या एका व्यापाऱ्याकडे नोंदवायला सुरुवात केली, आणि तो व्यापारी माल आमच्याच कारखान्यातून उचलायचा. हा योगायोग, असं मी बरीच वर्षं समजत होतो. व्यापाऱ्याची यादी घेऊन टेम्पो यायचा. टेम्पो रफिकचा. रफिक रोह्याचा, गावकीत नाही, म्हणून माझ्याशी बोललेलं त्याला चालायचं.

पहिल्या वर्षी यादीत दादाचं नाव वाचलं. त्या मूर्तीच्या डाव्या डोळ्यात, पांढऱ्या भागात, नाकाच्या बाजूला मी राईएवढा तांबूस ठिपका ठेवला. लांबून दिसणार नाही, पण दिवा लावायला जवळ जाईल तिला दिसेल. शेठनी पाहिला. म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "घरचा आहे." ते पुढच्या मूर्तीकडे गेले.

गणपती झाल्यावर रफिक आला. त्याची गावात फेरी झाली होती. "तुझी आई रस्त्यात भेटली," म्हणाला. "माझ्याकडं बघून नाय बोलली, शेळीकडं बघून बोलली. म्हणाली, आमच्या गणपतीच्या डोळ्यात कचरा गेलाय. फुंकर घातली तरी जात नाय."

मी कारखान्याच्या मागे जाऊन रडलो. चांगलं घळाघळा रडलो, त्यात लाजायचं काय?

मग हे दर वर्षी सुरू झालं. मी ठिपका ठेवायचा, आणि एक वाक्य परत यायचं. एका वर्षी, "यंदा कचरा मोठा हाय, चष्मा लावायला सांग." एकदा, "आमचा गणपती बारीक झाल्यासारखा दिसतोय, जेवतो का नाय?" एवढंच. वर्षाला एक वाक्य. नऊ गणपती झाले. माझ्या कुठल्याही चित्रावर इतकं मन लावून कुणी बोललं नाही.

यंदा दहावा. चतुर्थीला दहाबारा दिवस होते, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आमची मूर्ती मी आधीच आखून ठिपका ठेवून फळीवर ठेवली होती. रफिक यादी घेऊन आला. मी वाचत गेलो. दादाच्या नावावर रेघ होती.

"हे काय रे?"

"कॅन्सल केली. व्यापाऱ्याकडं स्वतः आला व्हता तुझा भाऊ. म्हणला, आमच्याकडं यंदा गणपती नाय. आणि म्हणला, पेणला नक्की कळवा, विसरू नका."

"का म्हणून?"

"त्ये नाय बोलला."

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी गणपती आणत नाहीत. हे रफिकलाही माहीत होतं, शेठनाही. शेठनी हातातला ब्रश पाण्यात ठेवला.

दादाचा नंबर माझ्याकडे होता. नऊ वर्षांत कधी लावला नव्हता. लावला. त्यानं उचलला. मी "दादा" म्हणालो. पलीकडे श्वास ऐकू येत होता. गावकीनं घातलेली बंदी तो मोडणार नव्हता, आणि फोनही ठेवत नव्हता. मी कान देऊन आईचा खोकला येतो का ते ऐकत होतो. तो नव्हता. मग दादा मोठ्यानं बोलायला लागला, माझ्याशी नाही, वहिनीशी.

"अगो, दहावं मंगळवारी हाय, तांदूळ काढून ठेव. आन्‌ आयचं सगळं नीट झालं बघ. खांद्याला सगळा गाव व्हता. पाळी लागत नव्हती खांद्याला, एवढी माणसं." मग पुढे म्हणाला, "शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं गो. मागल्या दोन गणपतीला मीच सांगायचो, हाय आये, डोळ्यात कचरा हाय. मंग हात जोडायची."

लांबून वहिनीचा आवाज आला, "कोनाशी बोलताव वो?" आणि फोन बंद झाला.

म्हणजे दादाला ठिपका माहीत होता. व्यापारीही त्यानं मुद्दाम निवडला असणार. शेवटच्या दोन वर्षांतली वाक्यं आईच्या नावानं त्यानंच पाठवली का, हे मी रफिकला विचारलं नाही. पाचवा पंच मी पाठमोरा काढला होता, आणि तोच नऊ वर्षं माझ्याकडे तोंड करून उभा होता. हे कळून आता काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याच्याशी बोलायची सोय नाही.

शेठ जवळ आले. "वसंतराव, सुतक आहे तुम्हाला. ब्रशला हात लावू नका." मग आवाज उतरवून म्हणाले, "मधल्या दिवसांत आखलेल्यांचं कुणाला बोलू नका. तुम्हाला माहीत नव्हतं, देवाला माहीत होतं. तो बघून घेईल." त्या दिवसांत मी साडेतीनशे डोळे उघडले होते, आणि माझ्या आईचे मिटले होते.

मंगळवारी सकाळी रोह्याच्या गाडीत बसलो. स्टेशनला उतरलो, बाकावर बसलो. नदी तिथून चालत जाण्यासारखी. आमच्या गावचं दहावं तिथेच होतं, सगळी गावकी असणार. मी तिथे उभा राहिलो असतो तर काय झालं असतं? शिव्या नाही, काही नाही. दादाला सगळ्यांसमोर माझ्याकडे पाठ करून उभं राहावं लागलं असतं. ते चित्र मी एकदा काढलं होतं. पुन्हा त्याच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं. परतीच्या गाडीनं निघालो. खिडकीतून खारेपाट दिसतो. आमची जमीन गाडीतून दिसत नाही, पण रफिक सांगतो, बांध पुढच्याच पावसाळ्यात गेला, आता बापाच्या शेतात खाडीतली तिवराची झाडं वाढलीत माणसाएवढी. मी एवढं केलं, आणि एक पाटी माती पडली नाही. व्यंगचित्रानं काय होतं, असं विचारतात मला नवे लोक. हे होतं.

दुपारी कारखान्यात आलो. दाढी-डोकं मी स्टेशनबाहेरच उतरवून घेतलं होतं, शेठनी एकदा बघितलं आणि पाणी दिलं. मी लांब पोत्यावर बसलो, अजून तीन दिवस कशाला शिवायचं नव्हतं. तेवढ्यात रामवाडीतल्या एक बाई आल्या. उशीर झाला, उरलेली कुठलीही द्या म्हणाल्या. त्यांनी फळीवर बघितलं आणि बरोबर तीच दाखवली, चौरंगावरची, केशरी सोवळ्याची.

"कशी बघते ना आपल्याकडे!" म्हणाल्या. मग जवळ गेल्या. "पण अहो, ह्याच्या डोळ्यात काहीतरी गेलंय."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणू शकलो असतो. पण काय सांगून? देव होता, माणसाच्या घरी जायचा होता, असा फळीवर किती दिवस ठेवणार? मी मान हलवली.

शेठनी बारीक ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि डाव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, एकदाच टेकवला.

"गेला बघा कचरा," ते म्हणाले. बाईंनी मूर्ती पदराखाली घेतली आणि मोरया म्हणत निघून गेल्या.